म्हणे शाळेत एक डबलबारवाला उभा करा

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की भारतातून व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड सुरू: 'शिक्षकांच्या कमरेला पिस्तूल द्या, प्रश्न मिटला.' बँकेच्या दारात डबलबार बंदूक घेऊन स्टुलावर बसलेला माजी सैनिक बघत वाढलेल्यांना हे पटणारच. चोराला अडवते ती आतली तिजोरी, हे कोण लक्षात घेतो!

आमच्या टेक्सासातली युवाल्डी गावची शाळा घ्या. २४ मे २०२२, १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. एकूण ३७६ पोलीस आले आणि हल्लेखोर इमारतीत शिरल्यावर ७७ मिनिटांनी वर्गात घुसले, हे सगळ्यांना पाठ आहे. विधिमंडळ समितीच्या अहवालातली पुढची पानं मात्र कुणी वाचत नाही. पहिला पोलीस इमारतीत येण्याआधीच शंभरेक गोळ्या झाडून झाल्या होत्या. वर्ग १११ चं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत ठाऊक होतं, पण दुरुस्तीची मागणीच नोंदवलेली नव्हती. दार लावायचं तर बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन किल्ली फिरवायची. त्यात किल्ल्या अपुऱ्या. मग दार उघडंच राहावं म्हणून दगड नाहीतर पाचर लावायची, कुलूप लागू नये म्हणून मॅग्नेट ठेवायचा.

यानंतर २०२३ साली टेक्सासात कायदा झाला: प्रत्येक शाळेत एक सशस्त्र अधिकारी हवा. त्यासाठी तेव्हा सरकारकडून शाळेमागे १५,००० डॉलर आणि विद्यार्थ्यामागे १० मिळायचे. एवढ्यात वर्षभराचा पोलीस येत नव्हता. म्हणून अनेक स्कूल डिस्ट्रिक्टनी, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी, कायद्यातून सवलत घेऊन आपल्याच शिक्षकांना, कर्मचाऱ्यांना बंदूक दिली. अशा बंदूकधारी कर्मचाऱ्यांपैकी 'स्कूल मार्शल'चं प्रशिक्षण ८० तासांचं. कागदी निशाण्यावर नेम बसतो. धावत्या मुलांच्या गर्दीत बसेलच असं नाही. शिवाय पोलीस आत शिरले की साध्या कपड्यातले बंदूकधारी सर आणि हल्लेखोर यांत फरक करायला त्यांच्याकडे सेकंदच असतात. कॅलिफोर्नियात २०१८ साली बंदुकीची सुरक्षितता शिकवतानाच शिक्षकाच्या हातून वर्गात गोळी सुटली, आणि ते तर राखीव पोलीसही होते!

बंदूकवाला कधीच कामाचा नाही, असंही नाही. जॉर्जियातल्या अपालाची शाळेत सप्टेंबर २०२४ मध्ये शाळेतलाच पोलीस समोर आल्यावर हल्लेखोर शरण आला. शिक्षकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर धोक्याचं बटण होतं, तेही दाबलं गेलं. तरी तोवर चौघं गेले होते.

राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या शाळांवरील हल्ल्यांच्या २०१९ च्या अभ्यासात बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातूनच आणली होती. म्हणजे पहिलं कुलूप घरच्या कपाटाला हवं. भारतात शस्त्रपरवान्यासाठी चपला झिजतात, इथे २०२१ पासून बहुतेक सज्ञानांना पिस्तूल सोबत घेऊन फिरायला परवानाच लागत नाही. तिकडचा शहाणपणा इथे चालेल कसा?

फॉरवर्डला असं उत्तर लिहिताना 'आमच्या टेक्सासात' आपसूक टाइप होतं. इथल्या स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलायला उभं राहिलं की मात्र तोंडातून निघतं, 'आमच्याकडे भारतात…' तीन मिनिटं मिळतात, त्यातलं एक तिथेच जातं.