गाडीची नोंद आधी खुली करा

खासगी मोटारींचीही दरवर्षी सक्तीची तपासणी व्हावी की नाही, हा वाद कोल्हापुरातल्या माझ्या नातेवाइकांत अलीकडे वारंवार निघतो, आणि माझ्या मावसभावाने सेकंडहँड गाडी घ्यायचे ठरवल्यापासून तो अधिकच तापला आहे. त्याचे म्हणणे स्पष्ट आहे. “दादा, दरवर्षी पासिंग लावलं तर पीयूसीचं जे झालंय तेच त्याचं होणार. गाडी न बघताच कागद हातात, आणि एजंटाचे पैसे वेगळे.” यावर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आम्हा मंडळींचे उत्तर ठरलेले असते, की इकडे ही पद्धत किती चोख चालते ते बघा. मला ते उत्तर अपुरे वाटते. जुनी गाडी घेणाऱ्याला इथे जो आधार मिळतो, तो मुख्यतः तपासणीची नोंद कोणालाही पाहता येते म्हणून मिळतो. सक्तीचा वाटा त्यानंतरचा आहे.

ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची तपासणी सुरू झाली आणि १९६७ मध्ये ही मर्यादा तीन वर्षांवर आली. ‘एमओटी’ या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी सरकारमान्य गॅरेजमध्ये होते आणि मोटारीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आकारता येतात. २००५ पासूनचे निकाल सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. केवळ नंबरप्लेटवरचा क्रमांक टाकला की कोणत्या तारखेला गाडी पास झाली, कधी नापास झाली, कशामुळे झाली आणि त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता, हे सारे समोर येते. मालकाचे नाव त्यात कुठेही नसते, त्यामुळे आपल्याकडे खासगीपणाची जी शंका काढली जाते तिला इथे जागाच उरत नाही.

ही नोंद वाचायची कशी, हे मी एका परिचितासाठी पाहिलेल्या छोट्या गाडीवरून सांगतो. एका वर्षी शेरा होता की मागच्या सस्पेन्शनचा बुश, म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा, झिजू लागला आहे. गाडी पास, पण लक्ष ठेवावे. पुढच्या वर्षी हाच शेरा शब्दशः पुन्हा आला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच बुशमुळे गाडी नापास झाली आणि लगेच दुरुस्त होऊन पास झाली. दोष किरकोळ होता, पण गळ्याशी आल्याखेरीज या गाडीवर खर्च झालेला नाही, हे त्या तीन ओळींतून कळले, आणि मग ऑइल तरी वेळेवर बदलले असेल का, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारणे भाग पडले. मीटर मागे फिरवलेला असेल तर तेही असेच उघडे पडते, कारण आकडा दरवर्षी वाढायला हवा आणि एखाद्या वर्षी तो घटलेला दिसला की, नोंदवताना चूक झाली नसेल तर, गडबड आहे हे कळते.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत आणि इथून उपदेश करणाऱ्यांनी त्या लपवू नयेत. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था तपासली जात नाही. गाडी ठोकलेली होती का, तिच्यावर कर्ज आहे का, हे कळण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. तपासणारे गॅरेज आणि दुरुस्त करणारे गॅरेज बहुधा एकच असते.

आता घरची स्थिती पाहू. रिक्षा, टेम्पो, ट्रक यांना फिटनेस प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने घ्यावेच लागते; गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात पीयूसी सोडली तर तिच्याकडे अधिकृतपणे कोणी पाहत नाही. यातून एक गैरसमज पसरला आहे आणि तो मला फार घातक वाटतो. सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकल्यावर फिटनेसची तारीख दिसते, आणि विकणारा ती अभिमानाने दाखवतो: “बघा साहेब, अजून आठ वर्षं फिटनेस आहे.” खासगी गाडीच्या बाबतीत ती तारीख म्हणजे नोंदणीची मुदत. ब्रेक लागतात की नाही, चेसिस गंजले आहे की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नाही. त्या अ‍ॅपवर विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा कळतो, हे उपयोगाचे आहेच. पण गाडीची प्रकृती त्यातून कळत नाही.

कोल्हापुरात तर याला महापुराची जोड आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. शाहूपुरीपासून दुधाळीपर्यंत दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन, पॉलिश होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या असणार, आणि एमएच-०९ची, म्हणजे कोल्हापूरच्या नोंदणीची गाडी सोलापूरला किंवा बेळगावला विकली गेली की तिचा पूर तिथल्या कोणाला ठाऊक असणार? उद्यमनगरातला अनुभवी मेकॅनिक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहतो, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघतो, स्टेपनीच्या खोबणीत बोट फिरवतो. ही विद्या अस्सल आहे. परंतु ज्याच्या ओळखीत असा माणूस नाही त्याने काय करायचे, याचे उत्तर सध्या कोणाजवळ नाही.

मावसभावाचा आक्षेप मी म्हणूनच बाजूला सारत नाही. गाडी न बघता दाखला देणारे असतील, तर नवीन सक्तीने त्यांचेच फावेल. पण नोंद सर्वांना दिसू लागली की खोटी नोंद टिकवणे अवघड होते, कारण पुढच्या वेळी दुसरे केंद्र वेगळा आकडा लिहिणार असते. सुरुवातीला नवी तपासणीसुद्धा नको. पीयूसीच्या वेळी गाडी केंद्रावर यायलाच हवी. तिथे मीटरचा आकडा फोटोसह नोंदवावा आणि तो क्रमांक टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसावा. विमा कंपनीने पुरात किंवा अपघातात एखादी गाडी पूर्ण नुकसानीत काढली असेल, तर तेही त्याच पानावर यावे. वाहन नोंदणीची देशव्यापी यंत्रणा आपल्याकडे उभी आहे आणि तिच्यात हे दोन रकाने वाढवण्यासाठी नवी कचेरी लागत नाही.

मावसभावाला मी तूर्त एवढेच कळवले आहे की त्याने अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड विकणाऱ्याकरवी काढून घ्यावा, त्यातले किलोमीटर मीटरशी ताडून पाहावेत, आधीच्या विम्यावर क्लेम घेतला होता का ते विचारावे, आणि २०१९ व २०२१ च्या पावसाळ्यात गाडी कुठे उभी होती, हे मालकाला थेट विचारावे. रेकॉर्ड दाखवायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी सोडून द्यावी.