ब्रिंडामोरला विसरू नका
मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही, यासाठी तुमच्या लेखात आइस हॉकीतला महान खेळाडू वेन ग्रेट्झकीचं उदाहरण दिलंय. खरंय, प्रशिक्षक म्हणून त्याच्या 4 हंगामांत फिनिक्स कायोटीज संघाला एकदाही प्लेऑफ (साखळी सामन्यांनंतरची बाद फेरी) गाठता आली नाही. पण मग रॉड ब्रिंडामोर? 2006 मध्ये कॅरोलिना हरिकेन्सचा कर्णधार म्हणून स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या आइस हॉकी लीगचं विजेतेपद जिंकला, निवृत्तीनंतर त्याच संघात बरीच वर्षं सहायक राहिला. 2018 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा संघ सलग 9 हंगाम प्लेऑफबाहेर होता. पहिल्याच वर्षी थेट कॉन्फरन्स फायनल, म्हणजे उपांत्य फेरी! ग्रेट्झकीला जे उपजत सुचायचं ते दुसऱ्याला कसं समजावणार? ब्रिंडामोरचा खेळ फेसऑफ (खेळ सुरू होताना चकती मिळवण्याची झटापट), बचाव आणि व्यायामशाळेतल्या घामावर उभा होता, ते शिकवता येतं. त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहाच, मनापासून वाचेन.