पगार किती हवा ते मला विचारू नका, आधी तुम्ही सांगा

भरतीच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून ठामपणे सांगते, जाहिरात टाकायच्या आधीच त्या जागेचं बजेट ठरलेलं असतं. कमीत कमी एवढे, जास्तीत जास्त एवढे, हे वरून मंजूर झाल्याशिवाय सहसा जागा उघडतच नाही. आणि तरी फॉर्ममध्ये करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी (सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) हे दोन रकाने लाल चांदणीसकट असतातच, रिकामे सोडले तर फॉर्म पुढे सरकत नाही, "चर्चेनुसार" लिहिलं तर चालत नाही, आकडाच पाहिजे.

ज्याला आकडा माहितीये तो ज्याला माहिती नाही त्याला विचारतो, हे मला मुळातच चुकीचं वाटतं.

मार खातात ते कोण? जालन्याहून, लातूरहून पुण्यात आलेली पोरं, ज्यांच्या घरात आयटीमधला पगार विचारायला कोणी दादा-ताई नाही. बाळंतपणानंतर तीन-चार वर्षांनी परत येणाऱ्या बायका, "आधी नोकरी तर मिळू दे" म्हणून जुन्याच पगारावर यायला तयार होतात. त्यांनी कमी लिहिलं की ऑफर पण तेवढीच जाते, आणि पुढची प्रत्येक हाईक त्या कमी आकड्यावरच टक्क्यात बसते.

बरं, आकडा लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ तरी कळतो का? सहा लाख सीटीसी म्हटलं की पोरगं भागिले बारा करतं आणि पन्नास हजार धरून वाकडला फ्लॅट बघायला लागतं. बेसिक निम्मं धरा, त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ म्हणजे ३६,००० गेले, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे साडेचौदा हजाराच्या आसपास, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, १० टक्के असेल तर ६०,००० वर्षाअखेरीपर्यंत विसरा. मग आपला स्वतःचा पीएफ महिन्याला ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० कापून हातात येतात साडेसदतीस हजार! त्यामुळे फोनवर नेहमी फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि इन-हँड किती हे तिन्ही वेगवेगळं विचारा, लाजू नका.

सरकारी जाहिरातीत हे कोडं नसतं. एमपीएससीची सहायक कक्ष अधिकाऱ्याची जागा बघा, वेतनस्तर एस-१४, ३८,६०० ते १,२२,८०० अधिक भत्ते, सरळ छापलेलं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २०२१ पासून खासगी कंपन्यांनाही जाहिरातीत रेंज द्यावी लागते. युरोपियन युनियनने तर २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला पगाराची रेंज आधी सांगा आणि जुना पगार विचारूच नका असं म्हटलंय, सदस्य देशांना मुदत ७ जून २०२६. म्हणजे धंदा बुडत नाही रेंज सांगितल्याने. आपल्याकडे मात्र करंट सीटीसी विचारून वर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात.

आपल्याकडे हे बदलेपर्यंत एवढं करा. एचआरचा फोन आला की शांतपणे म्हणा, "या रोलसाठी बजेट काय आहे ते सांगाल का, मग मी माझी अपेक्षा सांगते." बरेच जण सांगतात, खरंच. नाहीच सांगितलं तर त्याच कामातल्या दोघा-तिघांना विचारून ठेवलेला आकडा सांगा, जुन्या पगारावर तीस टक्के असला हिशोब नको. जुना पगार कमी होता तो त्या कंपनीचा प्रश्न, नवीन काम किती मोलाचं आहे ते त्याने ठरत नाही.

आणि माझ्यासारखे भरतीत असणारे कोणी वाचत असाल तर पुढची जाहिरात टाकताना रेंज टाकूया, मॅनेजरशी भांडावं लागलं तरी.