एकच रक्तगट, एकनाडी आणि मोडलेल्या सोयरिकी

लग्नसराई तोंडावर आली की मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. वधू-वरांचा रक्तगट एकच असेल तर मूल अपंग जन्मते. एकनाडी म्हणजेच एकच रक्तगट. मुलाचा रक्तगट आई किंवा बाप यांच्यापैकी एकाशी जुळलाच पाहिजे, नाहीतर मूल त्या बापाचे नव्हे. आणि मामाची मुलगी करायची असेल तर गोत्र व रक्तगट वेगळे असले म्हणजे काळजी नाही, असे चार दावे त्यात एकत्र बांधलेले असतात. बायोडाटात रास, नाडी आणि देवक यांच्या शेजारी रक्तगटाचा रकानाही आता रुळला असल्यामुळे या संदेशाला वजन येते आणि ठरत आलेली सोयरीक बैठकीतच मोडते. चारही दावे चुकीचे आहेत, आणि शेवटचा तर धोकादायक आहे.

रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ए किंवा बी हे प्रतिजन (शरीराला ओळख पटवणारे पदार्थ) आहेत की नाहीत, एवढीच नोंद; दोन्ही नसतील तो ओ गट. तो आजार नाही, की आजाराची खूणही नाही. भारतात ओ आणि बी हे दोन्ही गट प्रत्येकी सुमारे एक तृतीयांश लोकांत आढळतात, त्यामुळे रक्तगट न पाहता लग्ने झाली तरी साधारण चारांतल्या एका जोडप्याचा गट सारखाच निघतो. संदेश खरा असता तर त्याचा पुरावा प्रत्येक गल्लीत दिसला असता.

या भीतीचे मूळ बहुधा आरएच घटकाविषयीच्या, म्हणजे रक्तगटापुढे लिहिल्या जाणाऱ्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हविषयीच्या, अर्धवट माहितीत आहे, आणि तिथे तर अडचण सारखेपणातून नव्हे, वेगळेपणातून येते. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळून तिच्या शरीरात त्याविरुद्ध लढणारी प्रथिने, म्हणजे अँटीबॉडी, तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, परंतु पुढच्या पॉझिटिव्ह गर्भाच्या तांबड्या पेशी त्या अँटीबॉडींमुळे नष्ट होऊ लागतात. अशा अँटीबॉडी तयारच होऊ नयेत म्हणून अँटी-डी हे इंजेक्शन आहे. ते गरोदरपणाच्या 28व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत देतात. गर्भपात झाला तरी त्याविषयी डॉक्टरांना विचारायला हवे, आणि हे घरात कोणी सांगत नाही. निगेटिव्ह मुलीचे स्थळ नाकारण्याचे मात्र काहीच कारण नाही.

नाडीचे उत्तर थोडक्यात देता येते. आद्य, मध्य की अंत्य नाडी हे जन्मनक्षत्रावरून ठरते, तर रक्तगट गर्भधारणेच्या वेळीच ठरून गेलेला असतो. काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्या भावंडांची नाडी बहुधा एकच येते. तरीही, ती एकाच फलित अंड्यातून आलेली नसतील, तर त्यांचे रक्तगट खुशाल वेगळे असू शकतात.

तिसरा दावा मला सर्वांत क्रूर वाटतो, कारण त्याच्या आधारे बायकांवर संशय घेतला जातो. प्रत्येकाकडे एबीओ जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. ए आणि बी या प्रती दिसून येतात. ओ ही प्रत त्यांच्यासोबत असली तर झाकली जाते. म्हणून ए गटाच्या माणसाकडे ए-ए किंवा ए-ओ यांपैकी काहीही असू शकते, आणि साध्या तपासणीत हा फरक कळत नाही. आई ए-ओ आणि बाप बी-ओ असेल, तर ए, बी, एबी आणि ओ अशा चारही गटांची मुले होऊ शकतात, प्रत्येकाची शक्यता 25 टक्के. दोघेही ए गटाचे असताना ओ गटाचे मूल होऊ शकते. एबी आणि ओ यांच्या मुलांचे गट तर नियमानेच ए किंवा बी, म्हणजे दोघांपैकी कोणाशीही न जुळणारे असतात. पॉझिटिव्ह आईबापांना निगेटिव्ह मूलही होते. ही आनुवंशिकता फेलिक्स बर्नश्टाइन यांनी 1924 साली मांडली. हे जनुक 9व्या गुणसूत्रावर आहे, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही, त्यामुळे ‘मुलगा बापाचा गट घेतो, मुलगी आईचा’ हेही खरे नाही.

आईबाप दोघेही ओ असताना मूल ए किंवा बी निघणे नियमात बसत नाही, हे मान्य. पण तिथेही आधी पाहायचे ते कार्ड, कारण घाईच्या शिबिरात गट चुकीचा नोंदला जाऊ शकतो. रक्तपेढीत तिघांचीही पुन्हा तपासणी करून घ्यावी. शिवाय डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली मुंबईत नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट आहे. या लोकांत ए-बी प्रतिजनांचा पाया असलेला एच पदार्थच तयार होत नाही, म्हणून नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसतात, पण ए किंवा बीची प्रत मुलाला देऊ शकतात. हा गट दुर्मीळ असला तरी आपल्याच राज्यात सापडला आहे. रक्तगटाच्या कार्डावरून कोणत्याही सुनेला माहेरी पाठवण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही.

आता मामाच्या मुलीचा प्रश्न. गोत्र किंवा कुळी बापाच्या बाजूने मोजली जाते, जनुके मात्र दोन्ही बाजूंनी येतात. आते-मामे भावंडांची कुळी वेगळी असली तरी त्यांची सरासरी एक अष्टमांश जनुके त्याच आजी-आजोबांकडून आलेली असतात. आजीकडे एखाद्या दोषाची लपलेली प्रत असेल, तर ती दोघांतही असण्याची शक्यता वाढते. गंभीर जन्मजात दोषाचा धोका एरवी 2 ते 3 टक्के धरला, तर अशा लग्नात तो 4 ते 6 टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. अशी लग्ने झालेल्या घरांनी घाबरून जाऊ नये. परंतु वेगळा रक्तगट हा या धोक्यावरचा उपाय नव्हे, कारण त्या प्रती रक्तगटात दिसतच नाहीत.

बायोडाटात रकाना वाढवायचाच असेल तर तो थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या वाहक तपासणीचा असावा. किनवट, माहूर भागातील आदिवासी कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी विशेषत्वाने करून घ्यावी. वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेला माणूस, स्वतः सहसा ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय ते कळत नाही. दोघांपैकी एकाच्या हिमोग्लोबिनमध्ये असा कोणताही दोष नसेल तर मुलाला या आजारांचे गंभीर रूप होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता 25 टक्के असते. अशा जोडप्यालाही गर्भाची तपासणी करून घेता येते. ती साधारण 11व्या आठवड्यापासून शक्य असल्याने दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना दोघांचेही अहवाल दाखवावेत.