रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि गप्प बसण्याचा उपदेश

‘सरकारविरुद्ध बोलणे म्हणजे देवाविरुद्ध बोलणे’ असे सांगणारा एक संदेश ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या आधाराने त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: प्रत्येक सरकार देवाने नेमलेले आहे, म्हणून त्याची प्रत्येक आज्ञा पाळावी; आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी राज्यकर्त्यांची आज्ञा कधीच मोडली नाही; ‘कैसराचे (म्हणजे रोमी सम्राटाचे) ते कैसराला’ असे म्हणून येशूने राज्यकारभाराचा विषयच संपवला; आणि अन्याय झाला तरी दाद न मागता प्रार्थना करत राहावे. माझ्या मावशीने तिचे निवृत्तिवेतन अडवणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार हा संदेश वाचून मागे घ्यायचे ठरवले. पाप घडेल अशी तिला भीती वाटली. वचनाच्या नावाने एका वृद्ध स्त्रीला असे घाबरवले जात असेल, तर त्याचे उत्तर द्यायलाच हवे.

सर्वांत घातक मुद्दा शेवटचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. दाद मागणे हे पाप असेल, तर ते पाप रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानेच केले आहे. फिलिप्पै या शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला, तेव्हा पौल निघून गेला नाही. आम्ही रोमी नागरिक असून आम्हाला दोषी ठरवल्याशिवाय उघडपणे मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले आणि अधिकाऱ्यांना यावे लागले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16). पुढे यरुशलेमेत फटक्यांसाठी बांधले जात असताना त्याने शताधिपतीला नागरिकत्वाची आठवण करून दिली, आणि रोमी सुभेदार फेस्तासमोर तर थेट कैसराजवळ दाद मागितली. फिलिप्पैचा प्रसंग रोमकरांस पत्र लिहिण्याच्या आधीचा आहे आणि बाकीचे दोन नंतरचे, त्यामुळे पौलाचे मत मधल्या काळात बदलले असेही म्हणता येत नाही. अधीनतेचा उपदेश करणारा माणूस अधिकाऱ्यांना त्यांच्याच कायद्याचा जाब विचारत होता आणि त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे मला मान्य करावे लागते. ‘देवापासून नाही असा अधिकार नाही’ असे पौलाने लिहिले आहे, कर भरायला सांगितले आहे, आणि तेही नीरो सम्राट असताना. आपल्याला गैरसोयीचा वाटणारा कायदा मोडायची मुभा ख्रिस्ती माणसाला नाही. पण त्याच उताऱ्यात अधिकारी हा ‘तुझ्या हितासाठी’ देवाचा सेवक आहे असे म्हटले आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमके तेवढेच गाळले आहे. सेवकाचे काम ठरलेले असते, आणि त्याने ते उलटे केले तर काय करायचे, हे या सात वचनांत सांगितलेले नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट हाच अध्याय दाखवून आज्ञापालन मागत होती, तेव्हा 1985 मध्ये तिथल्या दीडशेहून अधिक ख्रिस्ती धर्मपंडितांनी आणि पाळकांनी सह्या केलेल्या कायरोस दस्तऐवजाने या वापराचा सविस्तर समाचार घेतला. पौल इथे न्यायी आणि अन्यायी राज्य यांची चर्चाच करत नाही, आणि देवाचा सेवक असायला हवे ते राज्य त्या कामाशी बेइमान झाले तर काय, हे पाहायचे असेल तर बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडावा, असे त्यात म्हटले आहे. त्या अध्यायात राज्यसत्ता श्वापदाच्या रूपात येते. एकच तेरावा अध्याय पाठ करून दुसरा झाकून ठेवणाऱ्याला बायबलचा आधार सांगण्याचा अधिकार उरत नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आज्ञा कधीच मोडली नाही, हा दावा तर एका वचनात संपतो. येशूच्या नावाने शिकवू नका, असा हुकूम यहुदी न्यायसभेने दिला असता येशूचा शिष्य पेत्र व इतर प्रेषित म्हणाले, ‘आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.’ त्यासाठी त्यांनी फटके खाल्ले, पण शिकवणे थांबवले नाही. त्याच्याही कितीतरी आधी मिसरच्या राजाची, फारोची, आज्ञा मोडून इब्री मुलांना जिवंत ठेवणाऱ्या शिप्रा आणि पुआ या सुइणी आहेत, आणि राजाची बंदी असताना प्रार्थना करणारा दानीएलही आहे. अशा वेळी शस्त्र उचलावे की नाही, याबद्दल ख्रिस्ती लोकांत शतकानुशतके मतभेद आहेत. देवाविरुद्ध जाणारी आज्ञा नाकारावी, याबद्दल मात्र पेत्राचे हे उत्तर सर्व प्रमुख परंपरा मानतात.

कैसराच्या वचनाबद्दल फार बोलायला नको. येशूला प्रश्न कराबद्दल विचारला होता: नाणे कैसराचे आहे, म्हणून ते त्याला द्यावे. जे देवाचे आहे ते कैसराला द्यावे असे येशूने म्हटलेले नाही. विधवेसारख्या दुर्बळांचा न्याय बायबलमध्ये पुन्हा पुन्हा देवाच्या बाजूला मोजला आहे.

राहिली प्रार्थना. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, हे खरेच आहे, आणि मावशी ती रोज करते. पण बायबलमधील नाबोथ नावाच्या माणसाला ठार करून त्याचा द्राक्षमळा बळकावण्यासाठी राजा अहाबाच्या नावाने पत्रे धाडली गेली, त्यांवर राजाची मोहोर होती, दोन साक्षीदार उभे केले होते, म्हणजे कागदोपत्री सारे कायद्याला धरून होते. तरीही देवाने संदेष्टा एलीयाला त्या मळ्यातच अहाबासमोर उभे राहून ‘तू खून करून वतन बळकावलेस ना?’ असे विचारायला पाठवले.