बिनव्याजी सावकारी करू इच्छिणाऱ्या पालकांसाठी

तुमचं लेकरू बारावी झालं का? सीईटी दिली का? पर्सेंटाईल सांगू नका, तो अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तुमचं अभिनंदन वेगळ्याच गोष्टीसाठी करायचंय. आजपासून तुम्ही सावकार झालात, आणि तेही बिनव्याजी. कुळं काही ऐरीगैरी नाहीत. एकीकडे महाराष्ट्र शासन, दुसरीकडे एखादी नामांकित शिक्षणसंस्था. या दोघांनाही अधूनमधून हातउसने लागतात आणि अशा वेळी त्यांची नजर हमखास गरिबाच्या घराकडे वळते. श्रीमंत माणूस या कामाचा नाही. तो एकदाच चेक फाडतो आणि घरी जाऊन झोपतो. वर्षभर कुणाची तरी उधारी अंगावर वागवायची, दर आठवड्याला चौकशीला जायचं आणि तरी नम्र राहायचं, हे त्याला जमत नाही.

सरकारी भाषेत या सावकारीला ‘शिष्यवृत्ती’ म्हणतात. नावावरून वाटतं की पैसे शिष्याला मिळतात. मलाही वाटलं होतं. माझा थोरला या वाटेने जाऊन बाहेर पडलाय, धाकटी यंदा आत शिरतेय. म्हणून अनुभवाचे दोन शब्द.

पहिला सल्ला तसा पंचवीस वर्षं उशिरा देतोय. अपत्यं दोनच होऊ द्या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा लाभ कुटुंबातल्या दोनच मुलांना आहे. तिसरं झालंच असेल तर त्याला लहानपणापासून समज द्यावी की बाळा, तू हुशार निघू नकोस, तुझ्या हुशारीसाठी शासनाकडे तरतूद नाही. माझ्या चुलतभावाचं तिसरं पोर नेमकं गणितात निघालं. भाऊ अजून बायकोच्या माहेरच्यांना दोष देतो.

शाहू महाराजांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 1917 साली महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि जो बाप मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिना 1 रुपया दंड लावला. शंभर वर्षांत आपण बरीच प्रगती केली. आता दंड पाठवणाऱ्या बापाला होतो, आणि त्याची रक्कम ठरवायला शुल्क नियामक प्राधिकरण नावाची रीतसर यंत्रणा आहे.

असो. दुसरी तयारी उत्पन्नाची. इथे माणसं फार चुकतात. उत्पन्न कमी असून भागत नाही, ते कमी *असल्याचं* उत्पन्नही वेळेवर निघावं लागतं, म्हणजे दाखला. त्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. त्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण कार्यालयाला कुलूप जुनंच आहे. आमच्याकडे चार गावांना मिळून एक साहेब आहेत आणि ते आमच्या वाट्याला गुरुवारी येतात, असं फळ्यावर खडूने लिहिलंय. एका गुरुवारी नेमके ते सापडले. त्यांनी विचारलं, “वर्षाचं उत्पन्न किती?” मी म्हटलं, “साहेब, कांद्याला भाव किती धरू?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अर्थमंत्र्यांचा पेपर फोडला. मग त्यांनीच एक गोल आकडा टाकला. बाहेर आल्यावर कळलं की पुढच्या तिघांनाही तोच आकडा मिळाला, त्यातल्या एकाला कांदा नव्हताच, शेळ्या होत्या. शेतीत समता आणण्याचं श्रेय कुणीतरी या खात्याला द्यायला हवं.

अहवाल घेऊन सेतू केंद्रात जायचं, तिथून अर्ज तहसीलला, तिथून दाखला. हे सगळं प्रवेशाची यादी लागायच्या आत. यादी लागली की सगळा तालुका सेतूच्या दारात उभा असतो आणि सर्व्हरला चक्कर येते. म्हणून गरिबीचं नियोजन मार्चपासूनच करावं. ऐनवेळी गरीब होणाऱ्यांचे फार हाल होतात.

पगारदार गरिबांना एक वेगळी सूचना. पगारवाढ घेताना मुलाच्या कॉलेजला विचारून घ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची रेघ वर्षाला 2.5 लाखांवर आहे आणि ती दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच आहे. या काळात गॅस हलला, एसटीचं भाडं हललं, खोलीचं डिपॉझिट हललं, ही रेघ मात्र साधुपुरुषासारखी स्थिर आहे. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला महिना 21,000 मिळू लागले की वर्षाचे होतात 2,52,000. झाला माणूस सधन! राज्य फ्रीशिप देतं, म्हणजे फी तेवढी सुटते, पण निर्वाह भत्ता गेला. त्याने मालकाकडे जाऊन महिना 200 रुपये कमी करून मागावेत. मालक नाही म्हणणार नाही.

तो भत्ता तरी केवढा, असं कुणी विचारेल. बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या मुलाला केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे वर्षाला 3,000 रुपये. 365 ने भागा. दिवसाला 8 रुपये 22 पैसे. कटिंग आमच्या नाक्यावर 10 ला आहे. नीट हिशेब केला तर पाच दिवसांत चार कटिंग बसतात आणि वर 1 रुपया 10 पैसे उरतात. त्यात पुस्तकं घ्यावीत.

आता महाडीबीटी. हे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं सरकारी पोर्टल आहे, पण याकडे तीर्थक्षेत्र म्हणून पाहिलंत तर त्रास कमी होतो. दर्शन रात्री दोन ते चार या वेळात चांगलं मिळतं. ओटीपी त्या मोबाईलवर येतो जो तुम्ही आधारला जोडला होतात आणि जो गेल्या वर्षी विहिरीत पडला. कागदपत्रं ठरावीक केबीच्या आत बसवावी लागतात. दाखला वाचता आला तर फाईल मोठी, फाईल बसली तर दाखला वाचता येत नाही. मग महिन्याने अर्ज परत येतो, ‘कागदपत्र अस्पष्ट’ असा शेरा घेऊन. अर्जाची वाट अशी : आधी कॉलेजचा क्लार्क, मग प्राचार्य, मग खात्यातलं एक टेबल, मग दुसरं टेबल. प्रत्येक ठिकाणी अर्ज विश्रांती घेतो. वारीसुद्धा आळंदीहून निघून आषाढीला पंढरपुरात पोचते, कारण तिला तारीख चुकवून चालत नाही. अर्जाला आषाढी नाही, कार्तिकी नाही.

समजा, सगळं पार पडलं आणि पैसे ‘वितरित’ झाले. तरी लगेच पेढे वाटू नका. आधी पैसे कुठे गेले ते शोधा. तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात ते जातातच असं नाही. आधारशी शेवटचं जे खातं जोडलं गेलं, तिकडे ते जातात. माझ्या थोरल्याचे दोन हप्ते असेच गायब झाले. बँकेत तीन फेऱ्या झाल्यावर उलगडा झाला की त्याने मोबाईलच्या दुकानात सिम घेताना अंगठा दिला होता आणि त्या अंगठ्यातून कुठल्याशा बँकेत एक खातं जन्माला आलं होतं. आम्हाला त्याचं बारसं माहीतच नाही! पैसे बिचारे तिथे सात महिने एकटेच बसून होते.

या सगळ्या काळात कॉलेज कशावर चालतं? तुमच्यावर. मुख्य सावकारी ती हीच, तेव्हा इथे जरा नीट लक्ष द्या.

नियम सोपा आहे. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, अशी परिपत्रकं शासन काढत असतं. मी त्यातल्या एकाची प्रिंट काढून, घडी न पाडता, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून अकाउंट सेक्शनला नेली. क्लार्क भला माणूस. त्याने ती पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, “काका, आम्हालाही आलंय हे. बघा.” त्याच्याकडे त्या परिपत्रकांची जाड फाईल होती, माझ्या प्रिंटपेक्षा चांगल्या कागदावर. “तुम्ही सध्या भरून टाका. शासनाकडून आले की परत देऊ.” मी विचारलं, “शासनाकडून कधी येतील?” तो म्हणाला, “मागच्या वर्षीचे आले की कळेल.”

भरायचे नसतील तर हमीपत्र लिहून द्यायचं असतं. त्याचा मजकूर थोडक्यात असा : शासनाने आपला शब्द पाळला नाही तर मी, खाली सही करणार, दोन एकर कोरडवाहूचा मालक, शासनाच्या वतीने पैसे भरीन. मी सही करताना हात थरथरला. आयुष्यात पहिल्यांदाच महाराष्ट्र शासनाला जामीन राहत होतो.

उशीर झाला तर मार्कशीट अडते, टीसी अडते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सावकाराकडे तारण असतं हे आपण ऐकलंय. इथे उधार देणारेही तुम्ही आणि तारण ठेवणारेही तुम्हीच. अर्थशास्त्रात याला काही नाव असेल तर ते बहुधा अजून एटीकेटीत अडकलंय.

‘शिक्षण शुल्क’ या शब्दावरही थोडं चिंतन करावं. माफी मिळते ती शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला. विकास शुल्क वेगळं. त्यानंतर ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण आणि ‘इतर’. थोरल्याच्या कॉलेजच्या जिमखान्यात एक कॅरम होता आणि त्याची राणी नव्हती. खुल्या गटातल्या मुलाला शाहू महाराज योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, म्हणजे उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. लोक निम्मं ऐकून खूश होतात. ते निम्मं कशाचं, हे पावती हातात आल्यावर कळतं. देणगीचं मात्र नाव काढू नका. 1987 पासून राज्यात कॅपिटेशन फीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ती कुणीच घेत नाही, आणि मॅनेजमेंट कोट्याबद्दल बोलताना लोक उगाच आवाज खाली करतात.

कर्ज काढू का, असंही काहीजण विचारतात. जरूर. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण नको, जामीनदार नको. देशातल्या निवडक, सुरुवातीला 860, संस्थांपैकी एखादीत प्रवेश मिळवा की झालं. तुमच्या मुलाचं कॉलेज 861 वं असेल तर तो त्याच्या अभ्यासाचा दोष. मग तुम्ही नेहमीच्या शाखेत जाल आणि मॅनेजरसाहेब प्रेमाने विचारतील, “सोनं वगैरे काही आहे का घरात?”

असतं. गरिबाच्या घरात एवढं एक असतंच. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र मोडलं होतं. त्या एकट्या होत्या. आज सुवर्णकर्जाच्या काउंटरवर जून-जुलैत जाऊन बघा, केवढी रांग असते. आमच्या मंडळींचं गेल्या चार वर्षांत तीनदा आत गेलं आणि तीनदा बाहेर आलं. तिसऱ्यांदा सोडवून आणलं तेव्हा तिने ते गळ्यात घातलंच नाही, डब्यात ठेवलं. म्हणाली, “पुन्हा द्यायचंच आहे ना.” यावर माझ्याकडे काही विनोद नाही. पुढे चला.

आनंदाची बातमी म्हणजे मुली. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी निम्मं होतं. हे चांगलं झालं, यात उपरोध नाही. धाकटी घरभर नाचली. मग तिनेच शासन निर्णय खालपर्यंत वाचला, कारण ती माझ्यासारखी नाही. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. अभिमत आणि खाजगी विद्यापीठं यात नाहीत. मॅनेजमेंट कोटा नाही. वसतिगृह, मेस, लॅपटॉप, एसटीचा पास, पुण्यातल्या कॉट बेसिसची खोली, यातलं काहीच नाही. “बाबा,” ती म्हणाली, “म्हणजे शिकणं फुकट आहे. फक्त तिथे राहायचं नाही, जेवायचं नाही.”

पोरगी वकील व्हायची, संगणकाला चाललीय.

थोरल्याचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. तो पास झाला, नोकरीला लागला. शेवटच्या वर्षाचा दुसरा हप्ता त्याला नोकरीला लागून नववा महिना चालू असताना आला. तो तेव्हा कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होता. आधी त्याला फसवणुकीचा मेसेज वाटला आणि त्याने नंबर ब्लॉक केला. मग कॉलेजचा फोन आला : पैसे मिळाल्यापासून 7 दिवसांत आमच्याकडे जमा करा. 7 दिवस! एवढी वर्षं कुणालाच आठवडा मोजता येत नव्हता, तो अचानक सगळ्यांना यायला लागला. आम्ही ते पैसे आधीच भरलेत हे दाखवायला पावती लागणार होती. ती मी जपून ठेवली होती, गव्हाच्या कणगीत. उंदरांनी ‘इतर’ एवढं खाऊन टाकलं होतं, बाकी सगळं शाबूत.

ते पैसे परत मिळाले का, हे विचारू नका. अर्ज केलाय. तो सध्या दुसऱ्या टेबलावर आहे.

तर असं. अजून बरंच सांगण्यासारखं होतं, बायोमेट्रिकचं, गॅप सर्टिफिकेटचं, नावातल्या ऱ्हस्व-दीर्घाचं. दहावीच्या मार्कशीटवर ‘सुनील’ आणि आधारवर ‘सुनिल’ असलेल्या माणसाचे मी जे हाल पाहिलेत त्यावर एक वेगळं प्रकरण होईल. पण आज गुरुवार आहे. धाकटीच्या दाखल्याचा अहवाल घ्यायचाय, आणि साहेब अकराला येतात असं फळ्यावर लिहिलंय. मी नऊलाच जाऊन पायरीवर बसतो. सावली तिथे दहापर्यंतच असते.