ताईच्या गळ्यावरचा लाल ठिपका

माझी थोरली बहीण गोव्यात डिचोलीला असते. गेली 11 वर्षं ती थायरॉइडची गोळी घेते, रोज पहाटे, उपाशीपोटी, देवापुढे दिवा लावायच्या आधी. यंदा चवथीला घरी गेलो तर माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधताना ती पुढे आली नाही. भिंतीला टेकून बसून होती. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, पाऊस उघडून उकाडा झालेला असताना अंगावर शाल. गोळी घेतेस ना, असं विचारलं तर म्हणाली, "बंद केली रे. 26 दिवस झाले. आता लेसर घेते." आणि फडताळातून एक लाल लेसर पेन काढून दाखवलं. जत्रेच्या फेरीतलं, 150 रुपयांचं.

तिला हे सांगणारा मेसेज भजनी मंडळाच्या गटावर आला होता. नंतर तोच मला फोंड्याच्या दोन गटांवरूनही आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की लेसर पडताच रेणू सैनिकांसारखे रांगेत उभे राहतात आणि त्यांतील आयोडीन, क्लोरीन, ब्रोमीन तुटून बाहेर पडते. या शोधाला नोबेल मिळाले. थायरॉइडची गोळी म्हणजे गळ्यात साठणारे आयोडीनचे विष. रोज 10 मिनिटे लाल लेसर गळ्यावर धरा, विष तुटेल, गोळी कायमची सुटेल. नळाच्या पाण्यावर 2 मिनिटे धरा, क्लोरीन जाईल, पाण्याचे रेणू रांगेत येतील. औषध कंपन्या हे भारतात येऊ देत नाहीत."

मी पदार्थविज्ञान शिकवतो. पहिलं वाक्य वाचून मला जास्त राग आला, कारण ते खरं आहे.

लेसरने रेणू एका दिशेत आणता येतात आणि त्यातला आयोडीन तोडताही येतो. डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठातले हेन्रिक स्टापेलफेल्ट यांच्या गटाने 1990च्या दशकाच्या शेवटी मिथिल आयोडाइड, आयोडोबेंझीन अशा छोट्या रेणूंवर हेच प्रयोग केले. 2003 साली त्यांनी आणि तमार सायडमन यांनी 'रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स' या नियतकालिकात या सगळ्या कामाचा मोठा आढावा घेतला. ज्याला शंका असेल त्याने तो आढावा काढून बघावा. प्रयोग कसा करतात ते त्यात सविस्तर आहे, आणि मेसेजने नेमका तो 'कसा' गाळला आहे.

लेसरच्या प्रकाशात विद्युतक्षेत्र असतं. रेणूतले इलेक्ट्रॉन त्या क्षेत्राने थोडे ताणले जातात, आणि ज्या अक्षावर ते सहज ताणले जातात तो अक्ष क्षेत्राच्या दिशेला वळू पाहतो. आयोडीनचा अणू मोठा, त्याचे इलेक्ट्रॉन सैल, म्हणून मिथिल आयोडाइडसारखा रेणू या कामाला सोयीचा. मांडवीत नांगरलेल्या होड्या ओहोटीला प्रवाहाच्या रेषेत येतात, तसं काहीसं. फरक एवढाच की साध्या लेसरमध्ये निम्म्या रेणूंचं पुढचं टोक एकीकडे आणि निम्म्यांचं दुसरीकडे असतं. पाणी थांबलं की होड्या पुन्हा वाटेल तशा फिरतात. इथेही लेसरचा लांब स्पंद, म्हणजे प्रकाशाचा झटका, ओसरला की रांग मोडते. फार आखूड स्पंदाने ढकललेले रेणू नंतर ठरावीक काळाने क्षणभर पुन्हा रांगेत येतात, मिथिल आयोडाइडचा तो काळ सुमारे 67 पिकोसेकंद. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. 'रांग' म्हणतात ती एवढीशी.

आणि ही रांग कुठे लागते? निर्वात पेटीत. बारीक छिद्रातून वायूचा झोत सोडून रेणू निरपेक्ष शून्याच्या जवळ, मोजक्या केल्विनपर्यंत थंड केलेले असतात. त्या झोतात ते इतके विरळ असतात की एकमेकांवर आपटत नाहीत. मग दुसरा, फेमटोसेकंदांचा (फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंद मारून रेणूतले इलेक्ट्रॉन उपटले जातात. उरलेले धनभारित तुकडे एकमेकांना ढकलून उडतात, आणि ते पडद्यावर कुठे आपटले यावरून रेणू कोणत्या दिशेला होता ते कळतं. हे तोडणं म्हणजे मोजण्याची रीत आहे. कोणाच्या शरीरातून काही काढून टाकण्याशी त्याचा संबंधच नाही.

आता तीव्रता. रेणू वळवायला लागते ती एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 लाख कोटी वॅट. असे फोडायला त्याच्याही शंभरपट किंवा जास्त. ताईच्या पेनाची ताकद 5 मिलिवॅट धरली आणि ठिपका 3 मिलिमीटरचा, तर चौरस सेंटिमीटरला 0.07 वॅट होतात. मिरामारच्या किनाऱ्यावर भर दुपारी उभं राहिलं तर सूर्य 0.1 वॅट देतो. म्हणजे ताईच्या गळ्यावर रोज 10 मिनिटं जे पडत होतं ते अंगणातल्या उन्हापेक्षा कमी होतं, आणि प्रयोगशाळेतल्या झोताच्या तुलनेत 14 लाख कोटी पटीने कमी.

त्या तीव्रतेचा झोत खरोखर गळ्यावर आणला तरी तो आयोडीन निवडून काढणार नाही. पाणी, प्रथिनं, कातडी, जे समोर येईल ते फाडेल. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत फेमटोसेकंद लेसरने बुबुळाचा पापुद्रा कापतात तो याच गुणामुळे.

तीव्रतेशिवायही प्रकाश असा बंध तोडतो, हे मान्य. पण त्याला अतिनील प्रकाश लागतो. मिथिल आयोडाइडमधला कार्बन-आयोडीन बंध तोडायला सुमारे 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) लागतात, लाल पेनाच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, 1.9 असतात, आणि तो रेणू प्रकाश शोषतो तोही मुख्यतः 260 नॅनोमीटरच्या आसपास, लालपासून फार दूर. क्लोरीनचा बंध तर आणखी घट्ट. जुन्या फ्रिजमधले क्लोरोफ्लुरोकार्बन आठवा. साध्या उजेडाने त्यांतला क्लोरीन तुटत असता तर ते जमिनीजवळच संपले असते, वर ओझोनच्या थरापर्यंत पोचलेच नसते.

पण मेसेजमध्ये एवढंच चुकीचं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. लिहितोय ते गोळीसाठी.

"गळ्यात साठणारे आयोडीनचे विष." ज्याने हे वाक्य लिहिलं त्याने घराघरांतल्या बायकांचं नुकसान केलं आहे. गोळीत असतं ते थायरॉक्सिन, आपली ग्रंथी स्वतः बनवते तोच रेणू. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. ते साठलेलं विष नसतं, त्या रेणूचं काम त्या अणूंवर चालतं. शरीरच गरजेप्रमाणे चारांतला एक अणू काढतं आणि त्यातून तीन आयोडीनवालं, जास्त प्रभावी संप्रेरक तयार करतं. यासाठी यकृतात आणि इतर पेशींत खास विकरं (एन्झाइम) आहेत. म्हणजे आयोडीन तुटणं शरीरात चालूच असतं, पण मोजून, जागेवर, एका वेळी एक. लेसर खरंच अंदाधुंद आयोडीन तोडू शकत असता तर त्याने ताईचं औषधच नासवलं असतं. मेसेज म्हणतो तो उपाय खरा ठरला तर आजार वाढेल, हे लिहिणाऱ्याला सुचलंही नाही.

ताई मला म्हणाली, "पण पहिले आठ दिवस मला काही झालं नाही. उलट हलकं वाटलं." हे मला नीट समजावून सांगायचं आहे, कारण याच आठ दिवसांवर हा मेसेज जगतो. थायरॉक्सिनचा अर्धा साठा शरीरातून जायला सुमारे 7 दिवस लागतात. गोळी बंद केली तरी आठवड्याने निम्मं उरतं, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी आठवा हिस्सा. ग्रंथी थोडी काम करत असेल तर आणखी वेळ ढकलला जातो. तोवर माणूस गटावर लिहून टाकतो, "मलाही गुण आला." त्रास सुरू होतो तेव्हा तो हळूहळू येतो: थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, सूज, मंद नाडी. वयाच्या नावावर खपून जातो. ताईनेही "चवथीची दगदग" म्हणूनच सोडून दिलं होतं. म्हापशाला रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारं, ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक) 31 आला. तिचा एरवी 3 च्या आसपास असतो.

दोन गोष्टी कबूल करतो, मनात नसताना. एक, उजेडाने ही गोळी खरंच खराब होते. उजेड, उष्णता आणि दमट हवा, तिन्ही तिला सोसत नाहीत. त्यातून निघतं एवढंच की गोव्याच्या पावसाळ्यात तिला ओट्यावर उघडी ठेवू नका, मूळ पाकिटातच, कोरड्या जागी ठेवा. दुसरी, ब्राझीलमध्ये डॉक्टरांनी स्वयंप्रतिकारामुळे थायरॉइड बिघडलेल्या थोड्या रुग्णांवर 830 नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त लेसर वापरून बघितला, 2013 साली निष्कर्ष छापले, आणि काहींना गोळी कमी लागली असं त्यात आहे. पण तो अभ्यास छोटा होता, वरचेवर रक्त तपासून केलेला होता, त्याची रूढ उपचारपद्धती झालेली नाही, आणि त्यात आयोडीन तोडण्याचा विचारच नव्हता. जत्रेतल्या लाल पेनाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

पाण्याचं थोडक्यात. ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी घरी येतं त्यात क्लोरीन असतो तो जंतू मारायला. उघड्या भांड्यात पाणी उन्हात ठेवलं तर तो कमी होतो, उघड्या तरणतलावात रोज घालावा लागतो तो म्हणूनच. लाल पेनाने काही होत नाही. वास नको असेल तर पाणी काही तास उघडं ठेवा, पण लेसर दाखवलं म्हणून पाणी उकळायचं सोडू नका. आणि पाण्याचे रेणू रांगेत राहत नाहीत. ते सतत एकमेकांवर आपटत असतात, दिशा पिकोसेकंदांत बदलते.

नोबेलचं म्हणाल तर 1999 साली अहमद झेवेल यांना रसायनशास्त्राचं मिळालं. त्यांच्या गटाने 1987 मध्ये आयोडीन सायनाइडचा बंध सुमारे 200 फेमटोसेकंदांत तुटताना टिपला होता. 2018 मध्ये जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलँड यांना तीव्र स्पंद बनवण्याच्या तंत्रासाठी मिळालं. थायरॉइडच्या उपचारासाठी यांतलं एकही नाही. "भारतात येऊ देत नाहीत" हे तर साफ खोटं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथूर आणि त्यांचे सहकारी 1990च्या दशकातच तीव्र लेसरमध्ये रेणू कसे वळतात आणि फुटतात यावर काम करत होते, आणि ते छापलेलं आहे.

पेन मी काढून घेतलं. ताईचा नातू त्याने मांजराला खेळवत होता आणि मध्येच स्वतःच्या डोळ्यात बघत होता. कातडीवर निरुपद्रवी असलेला तोच झोत डोळ्याचं भिंग पडद्यावर एका सूक्ष्म बिंदूत गोळा करतं, साधारण लाखपट तीव्र. फेरीतल्या पेनांवर छापलेली ताकद खरी असेल याचीही खात्री नाही. मुलांच्या हातून ती काढून घ्या.

डॉक्टरांनी ताईची गोळी पूर्वीच्याच मात्रेने सुरू केली आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. ज्यांनी बंद केली असेल त्यांनी चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ नयेत, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर. आधी डॉक्टरांना गाठा, टीएसएच करून घ्या.

काल रात्री ताईने गटावर स्वतः लिहिलं की मी फसले, गोळी सोडू नका. उत्तरात दोघींनी कळवलं की त्यांनीही सोडली होती. तिसरीने लिहिलं की तिच्या सुनेने सोडली आहे. सून चौथ्या महिन्यात आहे. आईचं थायरॉक्सिन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, आणि या महिन्यांत बाळ बरंचसं आईवरच अवलंबून असतं. ताईने रात्रीच तिला फोन केला. सकाळी दहाला ती सुनेला घेऊन दवाखान्यात जाते आहे.